हिरव्या दिव्याला थांबलेली गाडी

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र मुद्दाम तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतोय. घरात फोन एकच, तो बाबांच्या खिशात, आणि त्यावर काही आलं की ते चष्मा लावून मोठ्याने वाचतात. ही गोष्ट त्यांनी मोठ्याने वाचायची नाही.

काल मला वाहतूक खात्याकडून दंडाची नोटीस आली. दादाच्या मोटरसायकलची! माझ्या पहिल्या पगारावर हौसेने घेऊन त्याला दिली होती, म्हणून कागदोपत्री ती अजून माझीच. आधी वाटलं, काहीतरी जुनं उकरून काढलं असेल. पण तारीख गेल्या मंगळवारची आहे. जागा टाकीचा चौक. दादा गेला तोच.

त्याला जाऊन आता दीड वर्ष होईल. गाडी तू भंगारात दिलीस ना? तूच मला सांगितलं होतंस.

आणि गुन्हा काय, तर 'सिग्नल हिरवा असताना वाहन उभे ठेवून वाहतुकीस अडथळा'. लाल तोडला म्हणून दंड होतो हे ठाऊक होतं. हिरव्याला थांबला म्हणून दंड झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून एवढी माणसं शिकून गेली, त्यातल्या एकानेही हा पराक्रम केला नसेल. सोबत फोटो आहे, पण कॅमेऱ्यावर बहुतेक धूळ होती. एक माणूस, एक गाडी, एवढंच कळतं. नंबर मात्र स्वच्छ दिसतो.

हसण्यावारी नेतोय, पण काल रात्री जेवण गेलं नाही. काय ते खरं कळव.

तुझा
छोट्या

९ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ओरडते. एवढ्याशा गोष्टीने जेवण सोडायला काय झालं? गाडी मी भंगारवाल्याला दिली. त्याने नंबरप्लेट काढून दुसऱ्या कुठल्यातरी खटाऱ्याला ठोकली असेल, ही माणसं काय वाट्टेल ते करतात. दंड भर आणि विसरून जा.

तू दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेतोस ना, 'घाबरू नका, आमचा माणूस निघालाय' म्हणत? त्याचा हा परिणाम. तुला आता जिथे तिथे कुणीतरी अडकलेलं दिसतं. जरा रजा घे.

बाबा बरे आहेत. मनगट जुळलं, पण थंडीत दुखतं. स्कूलची पाटी काढून ठेवली ती काही पुन्हा लावली नाही. सकाळी व्हरांड्यात बसून रस्त्यावरच्या गाड्यांवर शेरे मारतात. "इंडिकेटर कुणी द्यायचा, तुझ्या सासऱ्याने?" हे अख्ख्या आळीला ऐकू जातं. मंगळवारी दुपारी वाचनालयात जातात, तेवढाच त्यांना विरंगुळा. मी त्या दिवशी उशिरापर्यंत दवाखान्यात असते. दातांच्या डॉक्टरीणबाई मंगळवारी दाढा काढतात, आणि धरून बसवायला त्यांना मीच लागते.

आता आशीर्वाद. पोटभर जेव.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

आणखी दोन नोटिसा आल्या. दोन्ही मंगळवारच्या, दोन्ही टाकीच्या चौकातल्या, दोन्ही हिरव्याला थांबल्याबद्दल. यावेळी फोटो स्वच्छ आहेत. प्रिंट काढून पाठवतोय, बसून घे आणि मग बघ.

हेल्मेट पाहिलंस? मागच्या बाजूची पिवळी चकाकती पट्टी? ती तू चिकटवली होतीस, वाकडी. दादा तुला चिडवायचा की मागून येणाऱ्याला वाटेल हा माणूस मान तिरकी करून झोपलाय. जगात तशी दुसरी पट्टी नाही. आणि ते हेल्मेट दादा गेला त्या दिवशी बाबांच्या डोक्यावर होतं. बाबा म्हणत होते की थांब, स्कूलमधून माझं घेऊन येतो, तर दादा म्हणाला, "चला हो, चौक ओलांडला की पोचलोच," आणि स्वतःचं काढून त्यांना घातलं.

दुसरं म्हणजे, मागच्या माणसाने पाय ठेवायची पायदानं बघ. दोन्ही उघडलेली आहेत. मागे मात्र कुणी बसलेलं नाही.

ताई, मला एकदा लिहून टाकू दे. आपल्या घरात मागच्याने खांद्यावर दोन थापा मारल्याशिवाय गाडी हलत नाही. बाबा शिकाऊ पोराच्या मागे बसायचे, डावी-उजवीकडे स्वतः बघायचे आणि मगच थापायचे. थाप-थाप, की क्लच सोड. आपण तिघंही तसेच शिकलो. अजून मी कुणाच्या मागे बसलो की हात आपोआप उठतो, ऑफिसात हसतात मला. त्या दिवशीही दिवा हिरवा झाला, बाबांनी दोन थापा मारल्या, दादा निघाला. टँकर लाल तोडून आला. बाबा गवतात पडले आणि दादा रस्त्यावर. त्यात बाबांची काय चूक, दिवा हिरवाच होता. हे सगळ्यांनी त्यांना सांगून झालंय.

पण फोटोतला माणूस हिरव्याला थांबलाय. जणू या वेळी निघायचंच नाही असं ठरवून. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, तुला माहीत आहे. तरीही ऑफिसात लिफ्टची घंटा वाजली की आता मी दचकतो.

म्हणून काल जाऊन तक्रार दिली. कुणीतरी माझ्या गाडीचा नंबर वापरतोय अशी. तिथला कारकून म्हणाला, "काळजी करू नका, चौकात माणूस उभा करतो. गाडी जप्त आणि स्वार आत." भूत असेल तर सापडणार नाही आणि चोर असेल तर सापडेल. काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

छोट्या

२ मार्च

अरे शहाण्या, मला न विचारता तक्रार कशाला केलीस!

आता नीट वाच. गाडी मी भंगारात दिली नव्हती. दहाव्या दिवशी तू काय बोललास आठवतं? "ती गाडी या घरात दिसली तर मी पाऊल ठेवणार नाही." आणि बाबा म्हणाले होते, "गाडीला हात लावशील तर बघ." तुम्हा दोघांच्या मधे मी. मग तुला सांगितलं की गेली, आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवली. पुढचं चाक वाकडं झालेलं होतं. मला वाटलं, पडून राहील आणि गंजून जाईल.

तुझे फोटो आले तशी मी दवाखान्यातून थेट घरी धावले. शेडमध्ये जाऊन ताडपत्री उचलली, तर चाक सरळ! टाकी पुसलेली. गॅरेजवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "सरांनी चार वेळा येऊन विनवलं. सर मला नाही म्हणू देतात का? गाडी मी त्यांच्याकडेच शिकलो."

या मंगळवारी डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून अर्धी रजा काढली आणि चौकातल्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. वाचनालय कसलं नि काय. बाबाच आले, छोट्या. दादाचं हेल्मेट, पाठ ताठ, वळायच्या आधी इंडिकेटर. पांढऱ्या पट्टीच्या मागे, चाक अगदी पट्टीला न लागता गाडी थांबवली. उतरले, वाकून मागची पायदानं उघडली, आधी डावं आणि मग उजवं, आणि परत बसले. दिवा हिरवा झाला. सगळे गेले. बाबा दोन्ही पाय टेकून तसेच. हॉर्न, शिव्या, एक पोरगा तर गाडी आडवी घालून "आजोबा, रंग दिसत नाही का?" म्हणाला. ते ऐकतच नव्हते. मान थोडी मागे कलती करून दुसरंच काहीतरी ऐकत होते. पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा. एक ट्रक त्यांच्या मागे इतका टेकून थांबला की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बाबा गाडी वळवून घराकडे निघाले होते.

संध्याकाळी विचारलं, वाचनालयात काय वाचलंत? म्हणाले, "काही खास नव्हतं आज."

मला भीती वाटते रे. तो चौक एकदा एकाला घेऊन गेलाय. आणि दुसरं, बाबांचं लायसन्स गेल्या वर्षी संपलं. डोळ्यांचा दाखला मिळेना म्हणून नवं केलंच नाही. ज्याने गावाला गाडी शिकवली त्याला विनालायसन्स पकडून भर चौकातून नेलं तर ते पुन्हा व्हरांड्यातसुद्धा बसणार नाहीत. तक्रार मागे घे. आजच्या आज.

ताई

५ मार्च

ताई,

पत्र मिळाल्याबरोबर धावलो. कारकून म्हणाला, तक्रार पुढे गेली, आता परत येत नाही. "माझी चूक झाली, गाडी घरचीच आहे" म्हटलं, तर म्हणतो, मग चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबर लिहून द्या. मी काय लिहू? तसाच परत आलो.

तुझ्या दवाखान्यात फोन केला, तर तू डॉक्टरीणबाईंबरोबर कुठल्या शाळेत पोरांचे दात तपासायला गेलेली. मग घरी केला. बाबांनीच उचलला. त्यांनीच विचारलं, "काय रे, आज किती जण अडकले?" म्हटलं, एक. तर म्हणाले, "त्याच्याशी बोलत राहा. माणूस पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस." आणि स्वतः फोन ठेवला.

हे कुरिअरने पाठवतोय. चावी लपव. टाकीतलं पेट्रोल काढ. काहीही कर, पण येत्या मंगळवारी त्यांना सोडू नकोस. माणूस उभा असणार आहे.

मीच पाठवला तो. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

छोट्या

१२ मार्च

छोट्या,

तुझं कुरिअर बुधवारी पोचलं. व्हायचं ते मंगळवारी होऊन गेलं होतं.

दुपारी दवाखान्यात एक ट्रॅफिक पोलीस आला. मला वाटलं दाढ दुखत असेल, गालाला हात लावूनच उभा होता. म्हणाला, "ताई, सरांना घेऊन आलोय. बाहेर बसलेत." तोही बाबांचाच विद्यार्थी निघाला. त्यानेच सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

गाडी थांबली, हिरव्याला हलली नाही, तेव्हा तो शिट्टी मारत गेला. हेल्मेटची काच वर झाली आणि आत सर! याने सवयीने सलाम ठोकला. मग आठवलं की आपण कशाला आलोय. म्हणाला, "सर, लायसन्स?" बाबा म्हणाले, "नाही. संपलंय." हा म्हणाला, "सर, तुम्ही जा, मी काही बघितलं नाही." तर बाबा त्याच्यावर खेकसले, "बघितलं नाही कसं? डोळे आहेत ना? पावती फाड. विनालायसन्स आणि अडथळा, दोन्ही लाव. गाडी जमा कर." तो रडकुंडीला आला. बाबांनी त्याच्या हातातलं यंत्र स्वतः धरून कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं म्हणे! वर शाबासकी दिली, "नियमाप्रमाणे केलंस."

गाडी क्रेनवर चढवताना मात्र त्यांनी वाकून मागची पायदानं मिटली. मग त्या पोलिसाचा हात धरला, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

घरी आल्यापासून बोलत नाहीत. व्हरांड्यात बसतात, पण कुणी उलट्या बाजूने आलं तरी चकार शब्द काढत नाहीत. आज एक पोरगा मोबाइल कानाला लावून गेला आणि बाबा नुसते बघत राहिले. आळी कशी सुनी सुनी वाटते. काल रात्री पाणी प्यायला उठले तर ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मुठीत, समोर धरलेले. मी हाक मारली तेव्हा मुठी उघडल्या.

मालक आल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मालक तू आहेस. ये आता. पाऊल ठेवणार नाही वगैरे मी ऐकून घेणार नाही.

ताई

२५ मार्च

ताई,

तुला समोरासमोर सांगता आलं नाही म्हणून बसमधून उतरल्या उतरल्या लिहायला बसलो. परवा आम्ही गाडी घेऊन आलो तेव्हा तू विचारलंस, "एवढा वेळ का लागला?" आणि आम्ही दोघांनी एकदम "गर्दी" म्हटलं. गर्दी नव्हती.

जप्तीच्या गाड्यांच्या आवारात ती एका कोपऱ्यात उभी होती. मला वाटलं होतं, दिसली की लाथ घालीन. हँडलला हात लावला आणि रडूच फुटलं, त्या शिपायासमोर. बाबांनी माझ्याकडे पाठ करून टायरची हवा बघितली. बराच वेळ बघितली.

मी पुढे, बाबा मागे. दोघांना दोन हेल्मेटं, ती तू दिलीच होतीस. दादाचं बाबांनी घातलं, तुझं मला जरा घट्ट झालं. मी म्हटलं, मागच्या रस्त्याने जाऊ. बाबा म्हणाले, "टाकीच्या चौकातून घे."

पट्टीच्या मागे थांबलो. दिवा लाल होता. मग हिरवा झाला. आणि ताई, माझा क्लच सुटेना. पुढचा रस्ता मोकळा दिसत होता, सगळं कळत होतं, पण खांद्यावर थापा आल्या नाहीत तर हात उघडतच नाही, मी काय करू? अशीच सवय लागली आहे ना आपल्याला. मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता. हॉर्न सुरू झाले. दिवा लाल झाला. बाबा हळूच म्हणाले, "मी पुढे बसून वाट बघायचो. म्हटलं, त्याला मागे बसू दे. त्याला नीट बघून सांगू दे. त्याने सांगितलं की मी निघेन."

रोज पन्नास अडकलेल्या लोकांशी बोलणारा मी, आणि बापाला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

परत हिरवा झाला. कॅमेरा वर लुकलुकत होता. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आणि तेवढ्यात आल्या. दोन थापा, उजव्या खांद्यावर, चांगल्या जोरात. थाप-थाप. मी निघालो. चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर बाबांनी डोकं माझ्या पाठीला टेकवलं, ते घर येईपर्यंत.

त्यांनी तो हात कसा उचलला असेल याचा मी बसमध्ये रात्रभर विचार करत होतो. बाबांना काही विचारू नकोस. फक्त रात्री मनगटाला शेक दे.

आठवतं, मी सुट्टी संपवून नोकरीवर परत निघालो त्या दिवशी दादा म्हणत होता की तिघं गाडीवरून स्टेशनवर जाऊ? आणि बाबांनी "ट्रिपल सीट? माझ्या घरात?" म्हणून असा आवाज चढवला की शेवटी आम्ही तिघं चालत गेलो आणि गाडी दादा ढकलत घेऊन आला! रस्ताभर लोक विचारत होते, बंद पडली का? दादा म्हणायचा, "नाही हो, शिस्तीत आहे." परवा चौकातून येताना ते आठवून मी हेल्मेटमध्ये हसत होतो.

छोट्या

३० मार्च

छोट्या,

विचारू नकोस म्हणालास, पण शेक देताना मी विचारलंच. मला कुठे गप्प बसवतं? म्हटलं, "बाबा, बरं झालं, तुम्ही थापा मारल्यात. छोट्याला धीर आला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पिशवीतलं गरम पाणी माझ्या हातावर सांडलं.

म्हणाले, "मी नाही मारल्या."

म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, "माझा हात उठलाच नाही. मी दोन्ही हातांनी मागची कडी धरून बसलो होतो. मला वाटलं, पोरगा स्वतःहून निघाला. मनात म्हटलं, बरं झालं, निघायला शिकला."

आता तूच सांग, तुला भास झाला की त्यांना विसर पडला? वय झालंय, होतं असं. मी तरी स्वतःला तेच सांगते. सांगून झालं की पुन्हा सांगते. संध्याकाळी शेडच्या बाजूला जायला नको वाटतं, कपडे दोरीवरच राहतात. आणि तरी खरं सांगू? गाडी जप्त झाल्यापासून पहिल्यांदा काल बाबा व्हरांड्यातून एका बाईंवर ओरडले, "अहो, पदर चाकात जाईल!" आळीत सगळे दारात येऊन हसत होते.

ताई

७ एप्रिल

ताई,

बाबा आणि मी गाडी सोडवून आणली त्या दिवसाची नोटीस आली. मला वाटलंच होतं, एक हिरवा आम्ही बसून घालवला होता, कॅमेरा कशाला सोडतोय.

पण अडथळ्याचा दंडच नाही. गुन्हा वेगळाच आहे. तुला शब्द न शब्द लिहितो. 'दुचाकीवर तीन व्यक्ती. पैकी एका व्यक्तीने हेल्मेट परिधान केलेले नाही.'

चार वेळा वाचलं. नंबर आपला, चौक आपला, वेळ तीच.

फोटो सोबत आहे. पुढे मी आहे, तुझं घट्ट हेल्मेट घालून. मागे बाबा, वाकडी पिवळी पट्टी. बाबा अगदी मागे सरकून बसलेत, दोन्ही हात पाठीमागे कडीवर. म्हणजे ते खरं सांगत होते. आमच्या दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा आहे. तिथे काय दिसतं ते मी लिहीत नाही. कधी वाटतं नुसती सावली आहे, कधी वाटतं नाही. ऑफिसातल्या एकाला दाखवला, तो म्हणाला, "यंत्र आहे, चुकतं. हरकत घे, पाच मिनिटांत रद्द होईल." हरकतीचा रकाना उघडून बसलो होतो. 'वाहनावर दोनच व्यक्ती होत्या' एवढं लिहायचं होतं. बोट चालेना.

तू बघ, आणि तुला वाटलं तर बाबांना दाखव. ते म्हणतील तसं करतो.

छोट्या

१३ एप्रिल

चि. छोट्या,

आशीर्वाद आज पहिल्या ओळीत. घे.

फोटो मी आधी एकटीने बघितला, दवाखान्यात, दाराला कडी लावून. मग घरी नेला. बाबांनी चष्मा लावला, तरी समाधान होईना, मग भिंग आणायला लावलं. खिडकीशी उभं राहून किती वेळ बघत होते. मी पाठीमागे उभी. मला वाटलं आता कोसळतील, म्हणून खुर्ची पुढे ओढून ठेवली होती.

नोटीस त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली. 'तीन व्यक्ती' इथे थांबले. पुन्हा वाचलं. मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्याला कळव, हरकत घ्यायची नाही. दंड भर म्हणावं."

मी म्हटलं, "बाबा, पण तुम्ही तर दोघंच होतात ना?"

तर माझ्यावर चिडले. "कॅमेऱ्यात आलंय ना? मग? इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, आता घरच्यांना सूट देऊ? ट्रिपल सीट ती ट्रिपल सीट." मग खुर्चीत बसले, आणि जरा वेळाने अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हेल्मेट नाही घातलं बघ त्याने. कितीदा सांगायचं."

आणि रडले, छोट्या. दहाव्या दिवशीसुद्धा रडले नव्हते ते. मी पण रडले. मग त्यांनीच उठून चहा टाकला, साखर विसरले.

गाडीची चावी त्यांनी माझ्या हातात दिली. आता मला नको म्हणाले. मंगळवारी दुपारी वाचनालयात गेले. मी चोरून मागे गेले होते, खरंच गेले. पुस्तक आणलंय. चौकातून चालत जातात, पादचाऱ्यांच्या दिव्यात हिरवा माणूस दिसला की ओलांडतात. फक्त कडेला एक क्षण थांबतात, तेवढं मी चालवून घेते.

दंड लगेच भर, उशीर करू नकोस. आणि भरल्याची पावती मात्र टपालाने घरी पाठव, बाबांच्या नावाने. त्यांनी ती मागितली आहे. फोनवर नको, कागदावर हवी म्हणतात, तुम्ही तिघं त्या गाडीवर होतात असं लिहिलेली.

ताई